नदीकाठी झाड लावण्याआधी पाण्याचा उतार मोजा

नदीकाठची झाडं का वाळतात असं विचारलं की बहुतेक जण पावसाकडे बोट दाखवतात. नागपूरच्या आसपास हे उत्तर पुरत नाही. इथं वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढचे आठ महिने जवळपास कोरडे, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे. त्या आठ महिन्यांत काठावरचं झाड जगतं ते पावसाळ्यात नदीच्या काठात आणि रेतीत मुरलेल्या पाण्यावर. पूर किती मोठा आला हे लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. रोपाचं नशीब मात्र पुरानंतर ठरतं: पाणी किती वेगानं उतरलं आणि शेवटी किती खोल जाऊन थांबलं, म्हणजे पाण्याच्या उतारावर.

माझी सगळी नोकरी विहिरींच्या पाण्याची पातळी मोजण्यात गेली. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा वर्षाच्या चार फेऱ्या, ठरलेल्या विहिरी, हातात फीत आणि खडू. आता कामठीला राहते आणि कन्हानच्या काठच्या गावांत झाडांचं काम करते. दर जुलैत कुठली ना कुठली मंडळी ट्रॅक्टर भरून रोपं आणतात, मनापासून लावतात. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, येईस्तोवर त्यांतली थोडीच हिरवी असतात. रोपं चांगली असतात, खड्डेही नीट असतात, पण त्या जागी जमिनीखालचं पाणी कुठं जातं हे कुणी पाहिलेलं नसतं. ते कसं पाहायचं, तेवढं इथं सांगते. यात घरी किंवा गावात मिळणार नाही असं काही लागत नाही.

आधी काठ वाचा

पाहणीला ऑक्टोबर चांगला. पाऊस थांबलेला असतो आणि पुराच्या खुणा ताज्या असतात. झाडाझुडपांच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा, चिंध्या, पन्नी शोधा. पूर तिथवर चढला होता. ती उंची लिहून ठेवा. मग तिथून पाण्यापर्यंत चालत या. कन्हान, पेंच, कोलार, वेणा यांपैकी कुठल्याही नदीवर साधारण तीन पट्टे दिसतील. अगदी खाली पात्रातली उघडी रेती. तिच्या वर गाळाची सखल पट्टी, दरवर्षी एकदा-दोनदा पाण्याखाली जाणारी. आणि त्यावर दरड, जिथं शेताची काळी माती सुरू होते.

रेतीत झाऊ तग धरतो, कारण त्याला पुराचा मार सोसतो. गाळाच्या पट्टीवर आणि दरडीच्या पायथ्याशी अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर. दरडीच्या माथ्यावर चिंच, कडुनिंब, बाभूळ. झाडांनी हे पट्टे पाण्याच्या हिशेबानं धरलेले आहेत, म्हणून ते मोडू नका. माथ्यावर लावलेला अर्जुन पहिली दोन वर्षं टँकरवर जगेल, पुढे कुणाच्या भरवशावर जगणार?

माती हातात घेऊन पाहा. मुठीत दाबल्यावर सांडून जाणारी जाड रेती असेल तर खालच्या पाण्याचा ओलावा तिच्यात जेमतेम काही सेंटीमीटर वर चढतो. बारीक गाळ असेल तर तोच ओलावा अर्धा-एक मीटर चढतो. म्हणजे पाण्याची पातळी दोन्हीकडे सारखी असली तरी गाळातल्या रोपाच्या मुळांना ती कितीतरी जवळ असते. जागा निवडताना मी पाण्याच्या आधी गाळ शोधते.

मोजायचं कसं

नदीचं पाणी डोळ्यांना दिसतं, काठातलं दिसत नाही, आणि झाडाला काठातलं पाणी लागतं. कन्हानच्या रेतीत पिढ्यान्‌पिढ्या डांगरवाडी, म्हणजे टरबूज-डांगरांची शेती, करणारे एक ढिवर दादाजी मला म्हणाले होते, ''पाणी वरतून नाही जात बाई, रेतीच्या आतून जाते. वर पाहून काय समजणार?'' त्यांची टरबुजं-डांगरं याच आतल्या पाण्यावर होत. झिरा, म्हणजे पाण्यासाठी रेतीत खणलेला खड्डा, किती खोल न्यावा लागतो यावरून ते वर्षाचा अंदाज बांधत. तुम्हीही पहिलं मोजमाप झिऱ्यानं करू शकता. लावणीच्या जागेजवळ खड्डा खणा, पाणी लागेपर्यंत. ते वर येऊन थांबलं की मोजा.

वर्षभर मोजायचं असेल तर जवळची विहीर उत्तम. काठापासून शंभर-दीडशे पावलांच्या आतली, शक्यतो मोटार नसलेली जुनी विहीर घ्या. विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटनं एक खूण करा. प्रत्येक वेळी मोजायचं ते त्याच खुणेपासून. स्टीलच्या फितीच्या टोकाला वजन बांधा आणि खालचा मीटरभर भाग रंगीत खडूनं घासून घ्या. फीत आत सोडा, टोक पाण्यात बुडू द्या आणि वरच्या खुणेवर पूर्ण मीटरचा आकडा धरा. वर ओढल्यावर खडू जिथपर्यंत ओला झालेला दिसेल तेवढं वजा करा. खुणेवर ६ मीटर धरले आणि खडू ०.४२ मीटरपर्यंत ओला, तर पाणी ५.५८ मीटरवर. लगेच पुन्हा एकदा मोजा. दोन आकड्यांत एक-दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. मोजायचं सकाळी, आजूबाजूच्या मोटारी सुरू होण्याआधी. दुपारी घेतलेला आकडा शेजारच्या वावरातल्या पंपाचा असतो, नदीचा नसतो.

विहीर नसेल तर नळी बसवा. दोन इंची पीव्हीसी पाईप घ्या, खालच्या मीटरभर भागाला हेक्सॉ ब्लेडनं आडव्या चिरा पाडा, त्यावर मच्छरदाणीचं कापड गुंडाळून तारेनं बांधा, खालून आणि वरून टोपण. खांबांचे खड्डे करायचं हाताचं ऑगर गावात कुणाकडे तरी असतंच. नळी मे महिन्यात बसवा. तेव्हा पाणी सगळ्यांत खाली असतं, त्यामुळे पुढे कधी नळी कोरडी पडायची भीती कमी. जागा गाळाच्या पट्टीच्या वरच्या कडेला, म्हणजे पुरात वाहून जाणार नाही.

आणखी एक मोजमाप मला फार मोलाचं वाटतं आणि ते कुणीच करत नाही: विहिरीतलं पाणी नदीपेक्षा वर आहे की खाली? गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी घ्या आणि दोघांनी मिळून नदीच्या पाण्यापासून टप्प्याटप्प्यानं विहिरीच्या खुणेपर्यंत उंची आणा. नदीकाठीही एक पक्की खूण त्याच उंचीशी जोडून ठेवा. हे एकदाच करावं लागतं. त्यानंतर विहिरीत फीत टाकली आणि त्याच दिवशी नदीचं पाणी तिच्या खुणेपासून मोजलं की कळतं. विहिरीतलं पाणी वर असेल तर जमीन नदीला पाणी देते आहे आणि काठावरच्या मुळांना वाटेत ते मिळतं आहे. खाली असेल तर नदीचं पाणी शेतांकडे ओढलं जातं आहे, आणि काठाचा साठा दोन्हीकडून आटतो. नोव्हेंबरात पहिली परिस्थिती आणि मार्चमध्ये दुसरी, असं काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या पट्ट्यात सर्रास होतं. तिथं विहिरी आणि बोअर मिळून इतका उपसा आहे की नदीकाठ असूनही झाड कोरड्यात उभं असतं.

उताराचा हिशेब

सप्टेंबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत दर पाच दिवसांनी एक आकडा घ्या, पुढे पंधरा दिवसांनी चालेल. समजा १० ऑक्टोबरला पाणी जमिनीपासून १.८० मीटरवर होतं आणि २० ऑक्टोबरला २.३० मीटरवर. दहा दिवसांत ५० सेंटीमीटर, म्हणजे दिवसाला ५.

हा आकडा कशाशी ताडायचा? कॅनडातल्या अल्बर्टामध्ये जॉन महोनी आणि स्ट्युअर्ट रूड यांनी तिथल्या कोरड्या प्रदेशातल्या नद्यांवर पॉपलरच्या रोपांचा अभ्यास केला. १९९८ मध्ये त्यांनी मांडलं की पूर योग्य वेळी यावा, ओली उघडी जमीन मागे राहावी आणि त्यानंतर पाणी दिवसाला साधारण अडीच सेंटीमीटरपेक्षा वेगानं उतरू नये. तेवढ्या वेगानं मुळं पाण्याचा पाठलाग करू शकतात. त्याहून वेगानं पाणी गेलं की मूळ कोरड्यात अडकतं आणि रोप वाळतं. याच विचारानं तिथल्या सेंट मेरी नदीवर १९९५ च्या पुरानंतर धरणाचा विसर्ग एकदम न तोडता हळूहळू कमी केला, आणि काठावर नवी रोपं धरली.

पॉपलर त्यांचं झाड, अर्जुन आपलं. म्हणून अडीचचा आकडा मी कायदा मानत नाही, पण मोजपट्टी म्हणून वापरते. दिवसाला दोन-तीन सेंटीमीटर उतार असेल तर निसर्गानं उगवलेली रोपं सांभाळा, नवी लावायची घाई करू नका. चार-पाचच्या पुढे असेल आणि जमीन जाड रेतीची असेल तर बी टाकून काही हाती लागणार नाही. मग दोन वर्षं वाढवलेलं, लांब मुळाचं रोपच हवं.

दुसरा आकडा मे अखेरचा, पाण्याची सगळ्यांत खोल पातळी. मोठं झाल्यावर झाड जगेल की नाही हे त्यावरून कळतं. माझा ढोबळ नियम असा: मेमध्ये पाणी तीन-चार मीटरच्या आत असेल तर अर्जुन, जांभूळ, उंबर. त्याहून खोल गेलं तर करंज. सात-आठ मीटरच्या खाली गेलं तर नदीकाठच्या झाडांचा हट्ट सोडून कडुनिंब, हिवर, बाभूळ लावा.

उतार वेगानं का होतो

मोजमापात एकाएकी उडी दिसली तर कारण शोधायला निघा. कारण बहुतेक वेळा माणसाच्या हातातलं असतं.

कोल्हापुरी बंधाऱ्यापासून सुरुवात करा. पावसाळा संपताना बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, टाकतात, वरच्या बाजूला पाणी चढतं. सप्टेंबरात गाळावर उगवलेली कोवळी रोपं आठवड्याभरात बुडतात. पाण्यानं भरलेल्या मातीत हवा नसते, मुळांना श्वास घेता येत नाही. मोठा अर्जुन हे सोसतो, बोटभर रोप नाही. पुढे रब्बीला पंप लागले की तेच पाणी भराभर उपसलं जातं. बंधारा वाईट असं मी म्हणत नाही, शेताला तो हवाच. फक्त बंधाऱ्याच्या वर लावणी करायची तर अडवलेल्या पाण्याच्या रेषेच्या वर करा, आणि बर्गे टाकणाऱ्यांना ते दोन-तीन टप्प्यांत टाकता येतील का हे विचारा. आमच्याकडे लोक ऐकतात, आधी जाऊन सांगितलं तर.

धरणाचा परिणाम मोठा आणि संथ. पेंचवर तोतलाडोह आणि त्याच्या खाली नवेगाव खैरी. तिथून नागपूरला पिण्याचं पाणी, शेतीला कालवे, वीजनिर्मितीला पाणी. वर मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यावर तोतलाडोहात येणारं पाणी आणखी घटलं. २०१९ च्या जुलैत नागपूरला एक दिवसाआड पाणी घ्यावं लागलं, ते लोकांना आठवत असेल. धरणाखालच्या काठाला त्या वर्षी किती पाणी मिळालं हे मात्र कुणी विचारलं नाही. धरण पूर अडवतं, त्याबरोबर गाळही अडवतं. गाळाची नवी ओली पट्टी पडत नाही, आणि ती पडली नाही तर बी रुजायला जागाच राहत नाही. काठावर जुनी झाडं उभी असतात म्हणून काठ चांगला वाटतो. खाली वाकून पाहा: मनगटाएवढी, कमरेएवढी, डोक्याएवढी झाडं आहेत का? नुसते म्हातारे वृक्ष आणि मधल्या वयाचं एकही झाड नाही, तर तिथं बरीच वर्षं रोपं धरलेली नाहीत.

रेतीच्या उपशाबद्दल मला सगळ्यांत जास्त पोटतिडीक आहे. पात्राचा तळ मीटरभर खाली गेला की काठातलं पाणीही त्याच्या मागोमाग खाली ओढलं जातं. पाऊस तितकाच, पूर तितकाच, पण काठ उन्हाळ्याआधीच रिता होतो. शिवाय जी रेती जाते तीच पाणी धरून ठेवणारी. डांगरवाड्या आटल्या त्यामागे हेही एक कारण आहे. गावाजवळ रेतीघाट असेल तर पुलाच्या खांबावर किंवा घाटाच्या पायरीवर तळाची पातळी रंगवून ठेवा, दर मेमध्ये मोजा आणि तो आकडा ग्रामसभेत मांडा. भाषणापेक्षा आकड्याला उत्तर देणं अवघड जातं.

बी आणि लावणी

अर्जुनाची पाच पंखांची फळं उन्हाळ्यात झाडाखाली पडलेली मिळतात. ती पाण्यावर तरंगत जातात, नदी स्वतःच त्यांची पेरणी करते. गोळा करून दोन दिवस पाण्यात भिजवा आणि लांब पिशवीत लावा. उगवायला दीड-दोन महिने लागतात, तोवर पिशवी रिकामी समजून फेकू नका. करंजाचं बी सोपं, पंधरवड्यात कोंब येतो. जांभळाचं बी साठवू नका. गर काढला की त्याच आठवड्यात लावा, दोन आठवड्यांत त्याची ताकद जाते. उंबर पक्षी आणि वटवाघळं पेरतात, त्यामुळे दरडीत उगवलेलं रोप राखणं हेच उंबराचं खरं काम. वाळुंज जवळपास मिळाला तर अंगठ्याएवढी फांदी ओल्या गाळात दोन हात खोल खुपसा. तिला मुळं सहज फुटतात.

पिशवी नेहमीची वितभर नको. हातभर खोल हवी. नर्सरीवाल्याला आधीच सांगावं लागतं, आणि दर थोडा जास्त पडतो. तो द्या.

माझ्या मते गाळाच्या पट्टीवर लावणी जुलैत करूच नये. मोठे पूर ऑगस्ट-सप्टेंबरातही येतात आणि ताजं लावलेलं रोप उपटून नेतात. मी पोळ्यानंतर, पुराचा जोर ओसरला की सप्टेंबरच्या उत्तरार्धात लावते. जमीन ओली असते, ऊन सौम्य होत असतं आणि मुळांना उतरत्या पाण्यामागे धावायला तीन-चार थंड महिने मिळतात. जागा मोठ्या झाडाच्या किंवा खडकाच्या खालच्या अंगाला, म्हणजे पुढच्या वर्षीच्या पुराचा धक्का थेट बसत नाही. दरडीच्या माथ्यावर मात्र जुलैच ठीक.

मोठा खड्डा करू नका, पहारीनं खोल आणि अरुंद भोक करा. भोवती बोराटीचं कुंपण घाला. नदीवर पाण्याला येणारी ढोरं आणि शेळ्या पहिल्या हिरव्या पानाकडेच येतात.

पाणी रोज थोडं थोडं दिलं तर मुळं वरच्या ओलीत पसरतात आणि खालचं पाणी त्यांना कधी सापडत नाही. रोपाशेजारी मीटरभर पाईपचा तुकडा उभा पुरा आणि त्यातून पाणी द्या. सुरुवातीला आठवड्याला एक बादली, डिसेंबरनंतर पंधरा दिवसांनी. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र हात आखडू नका. एप्रिल-मेमध्ये, पाऊस यायच्या आधीच अर्जुनाला नवी पालवी येते, आणि ती सगळी जमिनीतल्या पाण्यावर येते. नळीतली पातळी आणि रोपाची पानं दोन्ही पाहा. सकाळीच पानं मान टाकलेली दिसली तर मूळ पाण्यापासून सुटलं आहे. दुपारी कोमेजून सकाळी ताजी दिसत असतील तर काळजी नको.

उभी झाडं काय सांगतात

मोठं झाड एकदम मरत नाही. आधी शेंडा वाळतो, मग वरच्या फांद्या, आणि खालून बुंध्यावर नवे फुटवे येतात. झाड आपला पसारा मिळेल त्या पाण्याएवढा आवरत असतं. अशा फुटव्यांची छाटणी करू नका. त्याच वेळी शेजारच्या विहिरीची मे महिन्याची पातळी मागच्या वर्षांशी ताडून पाहा.

चीनच्या तारिम नदीच्या खालच्या भागात हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. वर पाणी अडवलं आणि खालचं शेकडो किलोमीटर पात्र कोरडं पडलं, काठचं पॉपलरचं जंगल वाळत गेलं. २००० पासून तिथं जलाशयातून मुद्दाम पाणी सोडायला लागले, तेव्हा पात्राजवळच्या झाडांनी पुन्हा पालवी धरली. पात्रापासून लांबच्या झाडांना त्याचा फायदा फारच कमी झाला.

पाणी खोल गेलं की जागा दुसरं कुणी घेतं. अमेरिकेच्या कोरड्या नैर्ऋत्य भागात, धरणांनी पूर थांबवले तिथं बाहेरून आलेला झाऊ पसरला. तो खोल पाण्यावर जगतो आणि त्याचं बी जवळपास पूर्ण उन्हाळाभर उडत राहतं. आपल्याकडे सुबाभूळ आणि बेशरमाची झुडपं काठ व्यापतात. ती उपटायचीच, पण काठातलं पाणी परत आणलं नाही तर तिथं अर्जुन येणार नाही, पुन्हा सुबाभूळच येईल.

शहरातल्या नाग नदीची गोष्ट उलटी. तिच्यात सांडपाणी बारमाही वाहतं, त्यामुळे पाण्याचा उतार जवळपास नाही, आणि बऱ्याच ठिकाणी दोन्ही बाजूंना भिंती. २३ सप्टेंबर २०२३ ला नाग नदीवरचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, तो पूर पसरायला काठच उरला नव्हता. भिंतीमागच्या झाडाला नदी असून नसल्यासारखी. तिथं लावणी करायची तर आधी भिंतीच्या पलीकडे नळी बसवून भूजल मोजा. नदीचं पाणी हातभर अंतरावर दिसतं म्हणून मुळांना ते मिळत असेल, असं धरून चालू नका.

पहिल्या वर्षी रोपं थोडी लावा आणि आकडे जास्त घ्या. वहीत तारीख, वेळ, फितीचा आकडा, नदीत पाणी वाहतं की नुसते डोह उरले आहेत, वर बर्गे टाकले की काढले, एवढे रकाने पुरे. मृगाचा पहिला पाऊस झाला की शेवटचा आकडा घ्या, कुठली रोपं जगली त्यांच्या जागेवर खुंट्या ठोका आणि पुढची लावणी त्या खुंट्यांच्या उंचीवर, त्याच मातीत करा.